लोणारचा एकांत

कोणत्याहि नामांकित स्थळाचे दोन भाग असतात. एक भाग सर्वांनीं पाहिलेला असतो. त्याचीं छायाचित्रें घरोघर असतात, आणि तेथें जाऊन आलेल्या माणसाला त्याविषयीं कोणी फारसें विचारीत नाहीं. दुसरा भाग त्याच्या शेजारींच, पुष्कळदां हांकेच्या अंतरावर, मुकाट्यानें पडून असतो. जपानांतील क्योतो शहराच्या पश्चिमेस आराशियामा नांवाचा एक रम्य भाग आहे. तेथील वेळूच्या बनांत दिवस वर आला म्हणजे माणसाला माणूस लागत असतो; परंतु डोंगराच्या कडेकडेनें आणखी थोडी पायपीट केली तर अदाशिनो नेंबुत्सुजी हें मंदिर लागतें. ज्यांच्यामागें रडावयास कोणी उरलें नव्हतें अशा मृतांच्या स्मरणार्थ तेथें सुमारें आठ हजार लहान लहान दगडी मूर्ति मांडून ठेविलेल्या आहेत. बनांतली गर्दी तेथवर क्वचितच पोंचते. असें कां व्हावें? चालण्याचा कंटाळा हें एक कारण आहे. पण तें अर्धेंच कारण होय. गर्दी कोठें जमते आणि कोठें जमत नाहीं, या प्रश्नाचें अर्धें उत्तर भूगोलांत असलें तर उरलेलें अर्धें इतिहासांत शोधावें लागतें. आपल्या वऱ्हाडांतील लोणार हें या गोष्टीचें फार बोलकें उदाहरण आहे.

लोणारचें सरोवर ठाऊक नाहीं असा मराठी वाचक विरळा. बुलढाणा जिल्ह्यांत, मेहकरच्या दक्षिणेस, दख्खनच्या काळ्या पाषाणांत पडलेला तो प्रचंड खळगा शाळेच्या पुस्तकांतूनच आपल्या ओळखीचा होतो. त्याचा व्यास सुमारें १,८०० मीटर आहे आणि काठापासून तळापर्यंतची खोली सुमारें दीडशें मीटर आहे. तळाशीं खारट, क्षारयुक्त पाण्याचें तळें आहे. इ. स. २००० मध्यें या परिसराला वन्यजीव अभयारण्याचा दर्जा मिळाला. २०२० च्या जून महिन्यांत तळ्याचें पाणी एकाएकीं गुलाबी दिसूं लागलें आणि त्या वार्तेनें लोणारचें नांव जगभर गेलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादींत त्याचा समावेश झाला. पुढें डिसेंबर २०२२ मध्यें नागपूर ते शिर्डी हा समृद्धि महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला, आणि जें स्थळ पूर्वीं आडवाटेला होतें तें हमरस्त्याच्या जवळ आलें. तेव्हांपासून सुटीच्या दिवशीं येथें गाड्यांची रांग लागते, यांत नवल तें काय?

परंतु ही गर्दी जाते कोठें, हें नीट पाहण्यासारखें आहे. ती मुख्यतः तीन ठिकाणीं जाते. पहिलें ठिकाण विवराच्या काठावरील देखावा पाहण्याच्या जागा. दुसरें गोमुखांतून अखंड वाहणारी धार. आणि तिसरें गांवांतील दैत्यसूदनाचें देऊळ. काठावर उभें राहून सगळें विवर एका दृष्टिक्षेपांत पाहावें, धारेखालीं हात ओले करावे, दैत्यसूदनाच्या छताकडे मान वर करून दोन मिनिटें बघावें, आणि दुपारच्या जेवणाला सिंदखेडराजा किंवा शेगांव गांठावें, असा बहुतेकांचा क्रम असतो. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या सहली घेऊन मी येथें अनेकदां आलों आहें. काठावर पोंचून पाव तास झाला न झाला तोंच कोणीतरी विचारतें, “सर, आतां पुढें काय?” या प्रश्नाचें खरें उत्तर ‘आतां खालीं’ असें आहे. खालीं, म्हणजे विवराच्या पोटांत, पाण्याच्या कांठाकांठानें, झाडींत दडलेल्या डझनाहून अधिक जुन्या देवळांकडे. तिकडे वळणारे मात्र थोडेच.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि तीच या लेखाचा मुख्य विषय आहे. लोणारचा आजचा एकांत हा कांहीं मूळचा एकांत नव्हे. ज्या जागा आज निवांत आहेत त्याच एके काळीं सर्वांत गजबजलेल्या होत्या. आणि ज्या काठावर आज खांद्याला खांदा लागतो तेथें शतकानुशतकें गुराख्यावांचून कोणाचेंहि काम नव्हतें. लोणारची गर्दी, आमच्या मतें, तळापासून काठापर्यंत हळूहळू वर चढत आली आहे. ती कशी चढली हें पाहिलें म्हणजे खालचा एकांत कशाचा बनला आहे, हें आपोआप कळतें.

लोणारचा पहिला मान तीर्थाचा. पुराणकथा अशी कीं, लवणासुर नांवाचा दैत्य येथें भूमीच्या पोटांत दडून राही व आसपासच्या प्रदेशाला छळी. विष्णूनें सुकुमार बालकाचें रूप घेऊन त्याचा ठाव काढिला, पायाच्या आंगठ्यानें त्याच्या बिळावरचें झांकण उडवून दिलें आणि त्याला ठार केलें. म्हणून देवाचें नांव दैत्यसूदन. उडालेलें झांकण कित्येक कोसांवर ढाकेफळ येथें जाऊन पडलें व त्याची टेकडी झाली, असें लोक सांगतात. आणि त्या टेकडीचा घेर बरोबर या विवराएवढा आहे, अशी पुस्तीहि जोडतात. दैत्याच्या रक्तमांसानें पाणी खारट झालें, आणि विष्णूच्या चरणस्पर्शानें तेथें गोड्या पाण्याची धारा निघाली, अशी या कथेची सांगड आहे. कथा कथेच्या जागीं ठेवूं. पण एक मोठा खळगा आणि त्या खळग्यावर कोठूनतरी वेगानें येऊन झालेला आघात, या दोन गोष्टी तिच्यांत एकत्र आल्या आहेत, हें मौजेचें आहे. या योगायोगावरून आपल्या पूर्वजांना उल्कापाताचें ज्ञान होतें असा निष्कर्ष काढणारे उत्साही लोक असतात. त्यांच्या वाटेला न जाणें बरें. एवढेंच म्हणावें कीं, हा खळगा सामान्य नव्हे, हें डोळे असणाऱ्या कोणालाहि पहिल्यापासून दिसत होतें.

तीर्थ म्हटलें कीं स्नान आलें, श्राद्ध आलें, देवदर्शन आलें. आणि या तिन्ही गोष्टींसाठीं काठावर उभें राहून चालत नाहीं. पाण्याकडेच जावें लागतें. म्हणून देवळें बांधलीं गेलीं तीं धारेच्या परिसरांत व खालीं पाण्याच्या कडेनें. तेराव्या शतकांत हें क्षेत्र किती जागतें होतें, याची साक्ष महानुभाव वाङ्मयांत मिळते. म्हाइंभटांच्या लीळाचरित्रांत चक्रधरस्वामींच्या लोणार येथील मुक्कामाच्या लीळा आहेत. देवगिरीचा यादव राजा कान्हरदेव याची आणि स्वामींची भेट लोणारासच झाली, असें ती परंपरा सांगते. स्वामी जेथें जेथें राहिले, बसले, हिंडले, त्या त्या जागा दिशांसकट नोंदवून ठेवणारा स्थानपोथी नांवाचा ग्रंथ त्याच पंथानें जपला, आणि त्यांत लोणारच्या स्थानांचीहि नोंद आहे. कोणतें देऊळ कोणाच्या कोणत्या अंगाला आहे व त्याचें दार कोणीकडे आहे, हें सातशें वर्षांपूर्वींच्या साध्या मराठींत लिहून ठेवणाऱ्या त्या माणसांचे आपल्यावर मोठे उपकार आहेत. आजचा यात्रेकरू खिशांतल्या नकाशावर विसंबतो. पण मराठी भाषेंत स्थळाची वाट दाखविणारें पहिलें पुस्तक भक्तांनीं लिहिलें, हें त्यानें विसरूं नये.

या देवळांना सरसकट हेमाडपंती म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. चुना न वापरतां दगडावर दगड बसवून बांधलेलें कोणतेंहि जुनें देऊळ दिसलें कीं तें हेमाडपंतांनीं बांधिलें, असें गांवोगांव सांगतात. हेमाद्रि हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. म्हणजे त्याचा कारभार १२६० नंतरचा. ही बांधणी मात्र त्याच्या जन्मापूर्वींपासून दख्खनांत चालत आलेली होती. तेव्हां हेमाडपंती हें एका रचनेचें नांव समजावें, कर्त्याचें समजूं नये. गांवांतलें दैत्यसूदनाचें देऊळ या रचनेचा उत्तम नमुना आहे. त्याचा पाया ताऱ्याच्या आकृतीप्रमाणें कोनाकोनांनीं कातरलेला आहे. आंतल्या छतावर लवणासुराच्या वधाचा प्रसंग कोरलेला आहे. आणि शिखराची जागा आज रिकामी आहे. मूळची मूर्ति नाहींशी झाल्यावर सध्यांची मूर्ति नागपूरकर भोसल्यांच्या अमदानींत बसविली गेली, असें सांगतात. हेन्री कझिन्स यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील ग्रंथांत या देवळाची दखल घेतली, आणि तेव्हांपासून कलेच्या अभ्यासकांचा ओघ इकडे लागला. खालच्या लहान देवळांच्या वाट्याला असा ग्रंथकार फारसा आला नाहीं. कीर्तीचा पक्षपात असा सुरू होतो: एकाचें वर्णन झालें म्हणून दुसरा तेंच पाहावयास येतो, आणि तिसरा दोघांनीं पाहिलें म्हणून येतो.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अकबराच्या पदरीं असलेल्या अबुल फजलानें आईन-इ-अकबरींत वऱ्हाड सुभ्याचें वर्णन केलें, त्यांत लोणार आहे. ब्राह्मण या स्थळाला विष्णुगया म्हणून मान देतात, असें तो सांगतो. गोमुखाचा झरा आणि सोमवती अमावास्येला त्याचें पाणी मोठ्या तळ्यांत मिळतें ही समजूतहि त्यानें टिपून ठेविली आहे. पण त्याच्या वर्णनांतला खरा नवा भाग तो नव्हे. तळ्यांत कांच आणि साबण यांना लागणारे पदार्थ मिळतात व त्यांपासून सरकारला बरेंच उत्पन्न येतें, हें त्यानें आवर्जून लिहिलें. तीर्थाबरोबर येथें बाजारहि उभा राहिला होता, हें यावरून कळतें.

हा बाजार पुढें निदान तीन शतकें चालला. उन्हाळ्यांत पाणी आटलें म्हणजे तळाशीं व कडेला क्षारांचे थर उघडे पडत. ते खणून, वेंचून, वाळवून बाहेर नेत. दल्ला, पापडी, भुसकी अशीं त्या क्षारांच्या निरनिराळ्या प्रकारांना नांवें होतीं. कोणता बांगड्यांच्या कांचेसाठीं, कोणता कपडे धुण्यासाठीं, कोणता रंगाऱ्याच्या कामासाठीं, हें त्या धंद्यांतल्या माणसाला हातांत घेतांच कळे. निजामाच्या राज्यांतून १८५३ सालीं वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, तरी या क्षारांची चौकशी थांबली नाहीं. १९१२ सालीं भूस्तरशास्त्र खात्याच्या ला टूश व क्रिस्टी या दोघांनीं तळ्यांतील क्षारांविषयीं सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. आतां कल्पना करावी. वैशाखाचें ऊन, उघडा पडलेला चिखल, त्यांतून उठणारा उग्र दर्प, मजुरांच्या हांका, ओझ्याखालीं चढण चढणारीं जनावरें, आणि या सर्वांच्या कडेला देवळांतली घंटा. आज जेथें पानांची सळसळ आणि बगळ्याच्या पंखांचा आवाज एवढेंच ऐकूं येतें, त्याच जागेचें हें वर्णन आहे. स्वस्त कारखानी सोड्यानें हा धंदा बसला आणि तळ रिकामा झाला. अर्थात् लोणारच्या एकांताचा एक मोठा हिस्सा एका मेलेल्या धंद्यानें दिलेला आहे, आणि ज्या मजुरांची भाकरी गेली त्यांना त्याची किंमत द्यावी लागली. एकांताची स्तुति करतांना आपण सुशिक्षित लोक हें सहसा विसरतों.

गर्दीला वर नेणारी तिसरी शक्ति म्हणजे जिज्ञासा. १८२३ सालीं अलेक्झांडर नांवाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानें हें स्थळ पाहून त्याची नोंद केली. पुढें माल्कमसन आदि भूस्तरज्ञ आले. काळ्या पाषाणाच्या प्रदेशांत खळगा, तेव्हां तो ज्वालामुखीचाच असणार, हें मत दीर्घकाळ रूढ होतें. १८९६ सालीं अमेरिकेंतील थोर भूस्तरज्ञ गिल्बर्ट यानें अॅरिझोनांतील अशाच एका विवराची चर्चा करतांना लोणारचा दाखला घेतला. पण दोन्ही विवरें जमिनीखालच्या वाफेच्या स्फोटानें झालीं असावींत, असा त्याचा कल होता. काळानें त्याचें अनुमान दोन्ही ठिकाणीं खोटें पाडिलें. १९७३ सालीं फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम् यांनीं लोणारच्या तळांतून काढलेल्या दगडांत मॅस्केलिनाइट हा कांचेसारखा पदार्थ दाखवून दिला. असा पदार्थ प्रचंड आघाताच्या दाबानेंच तयार होतो. तेव्हां आकाशांतून आलेल्या पाषाणाच्या आघातानेंच हें विवर झालें, हें ठरलें. वय मात्र अजून वादांत आहे: एका रीतीनें तें सुमारें ५२,००० वर्षें निघालें, तर २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मोजणीनें तें सुमारें ५,७०,००० वर्षें दाखविलें.

या शोधाचा गर्दीशीं काय संबंध, असें वाचक विचारतील. संबंध फार जवळचा आहे. यात्रेकरूला विवराची वर्तुळाकृति पाहण्याचें कारण नव्हतें; त्याला पाणी हवें होतें, देव हवा होता, पितरांना पिंड द्यावयाचा होता. क्षार खणणाऱ्यालाहि आकृतीशीं कर्तव्य नव्हतें. त्याला चिखल हवा होता. ‘हें विवर आहे’ अशी ज्याची समजूत झाली त्यालाच तें समग्र पाहावेंसें वाटतें, आणि समग्र दर्शन फक्त काठावरून होतें. तीर्थ पाहावयाचें तर खालीं उतरलें पाहिजे. विवर पाहावयाचें तर वर थांबलें पाहिजे. शास्त्राच्या निर्णयानें लोणारचें जगांतलें स्थान उंचावलें, आणि त्याच वेळीं प्रेक्षकाचे पाय काठाला खिळले. यांत दोष कोणाचाच नाहीं. पण आज जो मनुष्य काठावरूनच परततो त्यानें लोणारच्या तीन युगांपैकीं एकच युग पाहिलेलें असतें.

आतां ज्याला उरलेलीं दोन युगें पाहावयाचीं आहेत त्यानें कोठें जावें, तें सांगतों. प्रथम धारेचीच जागा घ्यावी. तेथें गर्दी असते ती गोमुखापाशीं. त्याच परिसरांतील कुमारेश्वरासारख्या जुन्या देवळांपाशीं मात्र मिनिटभर थांबणारा माणूस क्वचित् दिसतो. तेथून पायवाट खालीं उतरते. उतरतांना झाडींत जो बदल होतो तो ध्यानांत घ्यावा. गेल्या शतकाच्या आरंभींच्या सरकारी वर्णनांत तळ्याभोंवतीं शिंदी, मग चिंच, मग बाभूळ आणि शेवटीं उघडा चिखल, अशीं झाडांचीं वलयें सांगितलेलीं आहेत. पुढें वेड्या बाभळीनें कडेचा पुष्कळ भाग व्यापला आणि तीं वलयें तितकीं स्पष्ट राहिलीं नाहींत. तरी उतरतां उतरतां हवेंतला ओलावा वाढतो, वाहनांचा आवाज तुटतो, आणि आपण दुसऱ्याच प्रांतांत आलों असें वाटूं लागतें. खालीं रामगयेचें देऊळ आहे. प्रभु रामचंद्रांनीं येथें पित्याचें श्राद्ध केलें, ही लोकांची श्रद्धा. अबुल फजलानें ऐकलेलें विष्णुगया हें नांव आणि हें रामगया हें नांव एकाच धाग्यांतलीं आहेत. पितरांसाठीं येथवर चालत आलेल्या अगणित माणसांची आठवण त्या एका शब्दांत शिल्लक आहे.

पुढें पाण्याच्या कडेनें गेलें म्हणजे वाघ महादेव, मोर महादेव, मुंगळ्याचें देऊळ अशीं नांवें ऐकूं येतात. हीं नांवें विचार करण्यासारखीं आहेत. ज्या देवळांत पूजा चालू असते त्याला देवाचें, बांधणाऱ्याचें किंवा गांवाचें नांव असतें. येथें देवाचें जुनें नांव लोक विसरले, आणि ओसाड गाभाऱ्यांत जो राहावयास आला त्याच्या नांवानें देऊळ ओळखूं लागले. एखाद्या वाघानें आसरा केला, मोर शिखरावर येऊन बसूं लागले, मुंगळ्यांनीं वारूळ केलें; आणि महादेवाला तींच उपपदें चिकटलीं. देऊळ ओस पडण्याची तारीख कोणत्याहि शिलालेखांत लिहिलेली नसते. ती अशी नांवांत लिहिलेली असते. इतिहासाच्या विद्यार्थ्यानें जमिनींतल्या खापरांइतकींच लोकांच्या तोंडचीं नांवें जपून गोळा करावीं, असें मला वाटतें तें याचमुळें.

तळाच्या सर्व देवळांत अजून खरोखर नांदतें आहे तें कमळजा देवीचें. नवरात्रांत येथें यात्रा भरते आणि आसपासच्या खेड्यांतील स्त्रिया लेंकरें कडेवर घेऊन विवर उतरतात. तेवढे दिवस सोडले तर येथेंहि शांतता असते. देवळाजवळ सासू-सुनेची विहीर म्हणून एक विहीर आहे. तिच्या एका बाजूचें पाणी खारट आणि दुसऱ्या बाजूचें गोड लागतें, असें सांगतात. खारट कोणतें आणि गोड कोणतें, याविषयीं प्रत्येक घराचें मत निराळें असणार! तळ्याचें पाणी चढलें म्हणजे ही विहीर पाण्याखालीं जाते, आणि काठचीं कांहीं देवळेंहि पाण्यांत उभीं राहतात. म्हणून तेथें जाण्यापूर्वीं वाट मोकळी आहे कीं नाहीं, हें वनखात्याच्या माणसांना विचारून घ्यावें.

ज्यांच्या गुडघ्यांना हा चढउतार झेपणार नाहीं त्यांच्यासाठींहि वर एकांत आहे. मोठ्या विवरापासून कांहीं शें मीटरांवर अंबर तळें नांवाचा लहान खळगा आहे. त्याच उल्केचा एखादा तुकडा पडून तो झाला असावा, असें कांहीं संशोधकांचें मत. त्याच्या कांठीं निजलेल्या मारुतीचें देऊळ आहे. मूर्ति चांगली पुरुषभर लांबीची, आडवी, आणि तिच्या दगडाजवळ होकायंत्राची सुई विचलित होते. हा दगड उल्केचाच, अशी समजूत आहे. पण लोहांश असलेला काळा पाषाणहि सुई हलवितो, हें ध्यानांत ठेवून ती समजूत ऐकावी. गांवांतली लिंबी बारव ही आणखी एक जागा. पायऱ्यांपायऱ्यांनीं खालीं उतरत जाणारी ती जुनी बांधणी पाहिली म्हणजे, ज्या काळीं देवळें उठत होतीं त्याच काळीं गांवाच्या पिण्याच्या पाण्याचीहि चिंता तितक्याच कौशल्यानें वाहिली जात होती, हें दिसून येतें. आणि दैत्यसूदनाच्या देवळांत जरी गर्दी असली तरी ती गाभाऱ्याकडे तोंड करून असते. बाहेरून भिंतीच्या कोनाकोनानें सावकाश एक फेरा घालावा. तो फेरा बहुधा एकट्यालाच मिळतो.

येथवर वाचलेल्या सावध वाचकाच्या मनांत एक शंका आली असेल. निवांत जागांचीं नांवें छापून तुम्ही त्यांचा निवांतपणाच मोडीत नाहीं काय? शंका योग्य आहे. अनेक रसिक मंडळी आपल्याला सांपडलेली जागा कोणाला सांगत नाहींत, आणि त्यांत त्यांना एक प्रकारचें पुण्य वाटतें. पण लोणारच्या बाबतींत हें मौन देवळांच्या हिताचें झालेलें नाहीं. तीं देवळें गर्दीनें पडलेलीं नाहींत. पिंपळाच्या व वडाच्या मुळ्यांनीं त्यांचे दगड ढिले केले, वटवाघळांनीं गाभारे व्यापले, धनाच्या लोभानें कोणी तळघरें उकरलीं. आणि हें सर्व घडत असतां विचारणारें कोणी नव्हतें. गांवाचें सांडपाणी तळ्याकडे वाहत राहिलें, त्याची दाद मागावयास लोकांना मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढें जावें लागलें. ज्या स्थळाला कोणी ओळखत नाहीं त्याच्यासाठीं कोणी भांडतहि नाहीं. ओसाडपणाला एकांत समजणें ही सोय आपली झाली, दगडाची नव्हे.

तथापि याचा अर्थ काठावरची सारी झुंबड तळाला लोटावी, असा मुळींच नव्हे. तळ हें अभयारण्य आहे. तेथील पाण्यांत वाढणारे सूक्ष्म जीव जगाच्या अभ्यासाचा विषय आहेत. २०२० च्या त्या गुलाबी रंगाचें कारणहि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला अशाच खारट पाण्यांतल्या सूक्ष्म जीवांत सांपडलें. तेथें डांबरी रस्ता, खाण्याचीं दुकानें आणि कर्णे नेले तर आपण एका हातानें देवळें वांचवून दुसऱ्या हातानें तळें घालवूं. हवें आहे तें एवढेंच: शंभर माणसांपैकीं जीं पांच-दहा खरोखर उत्सुक असतील त्यांना वाट ठाऊक असावी, त्यांनीं पायीं जावें, पाहावें, आणि जें ढासळतांना दिसेल त्याची तक्रार योग्य ठिकाणीं पोंचवावी. एखाद्या वास्तूचें रक्षण कायद्यानें होतें, पहारेकऱ्यानें होतें. पण त्या दोघांना जागें ठेवण्याचें काम तिला पुन्हा पुन्हा पाहावयास येणारा जाणता माणूस करतो.

म्हणून लोणारला जाणाऱ्या कुटुंबांना माझी विनंति आहे कीं, त्यांनीं तेथें एक रात्र मुक्काम करावा. पहिल्या दिवशीं संध्याकाळीं काठावरून विवर पाहावें. मुलांना उल्केची गोष्ट सांगावी, आणि तिच्याबरोबर लवणासुराचीहि सांगावी. दुसऱ्या दिवशीं अभयारण्याचें दार उघडतांच, पाणी बरोबर घेऊन, वाटाड्यासह खालीं उतरावें. चार देवळें नीट पाहावींत. पंधरा देवळें धांवत पाहूं नयेत. दगडावर नांव कोरूं नये, फुटलेल्या मूर्तीचा तुकडा आठवण म्हणून उचलूं नये, आणि नेलेला कागद-कपटा परत वर आणावा. वाटेंत भेटणाऱ्या वृद्ध माणसाला त्या देवळाचें नांव विचारावें, आणि तें घरीं आल्यावर वहींत उतरून ठेवावें. कारण तीं नांवें माहीत असणारीं माणसें आतां थोडीं उरलीं आहेत, आणि तीं गेल्यावर मोर महादेव कोणता आणि वाघ महादेव कोणता, हें सांगावयाला कोणी राहणार नाहीं.